शिरक्याचा हिशेब आणि गंगेचे पाणी



पाण्याविषयी बोलणे निघाले की एक आकडा हटकून विचारला जातो. मृद् परीक्षणाची पत्रिका हाती घेतलेला शेतकरी त्याला 'सामू' म्हणतो, कारखान्यातील आणि प्रयोगशाळेतील मंडळी 'पीएच' म्हणतात. आकडा सात असेल तर पाणी उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी, एवढे शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. त्या परिचयातूनच एक सोयीस्कर समजूत रूढ झाली आहे, ती अशी की, आकडा सात-आठच्या आसपास असला म्हणजे पाण्यात फारसे वावगे नाही. वाराणसीसारख्या शहरात, जेथे दररोज हजारो माणसे नदीत स्नान करतात आणि ओंजळीने तेच पाणी तोंडात घेतात, तेथे ही समजूत निरुपद्रवी राहत नाही. हा आकडा काय सांगतो आणि काय दडवतो, हे नीट समजून घ्यायचे असेल तर प्रयोगशाळेतील एका जुन्या प्रयोगाकडे वळावे लागते. विद्यार्थी हा प्रयोग कंटाळवाणा मानतात, आणि तो ज्या पद्धतीने करवून घेतला जातो ती पाहता त्यांचे फारसे चुकते असेही नाही. सौम्य आम्लाचे तीव्र आम्लारीने अनुमापन, हा तो प्रयोग होय.

अनुमापन म्हणजे थेंबाथेंबाने केलेला हिशेब. शंकुपात्रात ठराविक आकारमानाचे आम्ल घ्यावयाचे, वरच्या ब्यूरेटमध्ये ज्याची संहती नेमकी ठाऊक आहे असे आम्लारीचे द्रावण भरावयाचे, आणि पात्र हलवीत हलवीत आम्लारी खाली सोडावयाची. सर्व आम्ल जेथे संपते तो समतुल्य बिंदू. तोवर किती मिलिलिटर आम्लारी लागली, यावरून मुळात आम्ल किती होते हे काढता येते. त्रैराशिकाचे गणित आहे; त्यात अवघड काही नाही. अडचण एवढीच की आम्ल संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही. ते दाखविण्यासाठी रंग बदलणारा दर्शक लागतो, आणि दर्शक निवडावयाचा तर त्या क्षणी द्रावणाचा पीएच किती असेल हे आधीच ठाऊक असावे लागते.

पीएच ही कल्पना १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सेन यांनी मांडली. पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण इतक्या मोठ्या पल्ल्यात बदलते की ते साध्या अपूर्णांकात लिहिणे गैरसोयीचे होते. म्हणून त्यांनी त्याचा लॉगरिथम घेऊन चिन्ह बदलले. यामुळे आकडे आटोपशीर झाले, पण एक धोकाही आला. पीएच एकाने उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले, ही गोष्ट आकडा पाहताना मनात राहत नाही. शिवाय सात हा उदासीनतेचा आकडा २५ अंश सेल्सिअस तापमानाला लागू आहे. उत्तर भारताच्या उन्हाळ्यात पाणी ४० अंशांपर्यंत तापले तर शुद्ध आणि संपूर्ण उदासीन पाण्याचा पीएच सुमारे ६.८ भरतो. त्यात आम्ल आलेले नसते. पाणीच थोडे अधिक विघटित झालेले असते.

आता सौम्य आम्ल म्हणजे काय ते पाहू. काशी ही एके काळी हुंडीच्या पेढ्यांसाठी नावाजलेली नगरी होती, तेव्हा दाखला तेथलाच घेणे बरे. एक सावकार आपली सारी रोकड गल्ल्यावर मांडून बसतो. दुसरा गल्ल्यावर चार नाणी ठेवतो आणि उरलेली तिजोरीत. गल्ल्यावरची नाणी कोणी उचलली की तो तिजोरीतून काढून तेवढीच पुन्हा मांडतो. पहिला म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल, दुसरा म्हणजे शिरक्यातील ॲसेटिक आम्लासारखे सौम्य आम्ल. पीएच मोजणारे यंत्र गल्ल्याकडे पाहते. ब्यूरेट मात्र एकेक नाणे उचलीत शेवटी तिजोरी रिकामी करूनच थांबते.

हे आकड्यांनी पाहावे. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचे २५ मिलिलिटर द्रावण शंकुपात्रात आहे आणि ब्यूरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे बोलीभाषेतील कॉस्टिक सोडा, आहे असे समजा. ॲसेटिक आम्लाचा विघटन स्थिरांक २५ अंशांना एक लाखांश गुणिले १.८ इतका असतो. यालाही सोरेन्सेन यांचीच युक्ती लावली की ४.७४ हा आकडा मिळतो. त्याला 'पीकेए' म्हणतात. आम्लारीचा एकही थेंब पडलेला नसताना हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे स्थिरांक आणि आम्लाची संहती यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ते ०.००१३४ येते आणि पीएच २.८७ भरतो. एवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच १ असता. म्हणजे ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम तेराच गल्ल्यावर आहेत. तरीही दोन्ही आम्लांना उदासीन करण्यास आम्लारी लागणार ती सारखीच, २५ मिलिलिटर. पीएच वेगळा, आम्लाची एकूण रक्कम एकच.

थेंब पडू लागले की हिशेबाची रीत बदलते. पडलेल्या प्रत्येक थेंबागणिक काही आम्लाचे सोडियम ॲसेटेट हे लवण बनते, काही आम्ल शिल्लक राहते, आणि दोन्ही एकाच पात्रात नांदू लागतात. या टप्प्यावर पीएच पुढील सूत्राने मिळतो: पीएच = पीकेए + लॉग (लवण ÷ उरलेले आम्ल). पाच मिलिलिटर आम्लारी पडली की लवण पाच भाग आणि आम्ल वीस भाग. एकचतुर्थांशाचा लॉग उणे ०.६०, पीएच ४.१४. साडेबारा मिलिलिटरला दोन्ही समसमान, लॉग शून्य, आणि पीएच थेट पीकेएइतका, ४.७४. वीस मिलिलिटरला गुणोत्तर चार, पीएच ५.३४. पाच मिलिलिटरपासून विसापर्यंत, म्हणजे निम्म्याहून अधिक आम्ल नाहीसे होईतो, आकडा केवळ १.२ ने चढला. तीव्र आम्लारी ओतली जात आहे आणि पीएच जागचा हलत नाही म्हटले तरी चालेल. द्रावणाच्या या स्वभावाला उभयरोधी म्हणतात. आम्ल घाला वा आम्लारी घाला, ते दोन्हींचा आघात सोसते. हे सोसणे फुकटचे नसते. तिजोरी भराभर रिती होत असते, आणि गल्ला पाहणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

शेवटी वार्ता लागते तेव्हा ती एकदम लागते. चोवीस मिलिलिटरला पीएच ६.१२. चोवीस पूर्णांक पंचाण्णव शतांशाला, म्हणजे समतुल्य बिंदूच्या एक थेंब अलीकडे, ७.४४. एक थेंब पलीकडे, २५.०५ मिलिलिटरला, तो १० होतो. दोन थेंबांत अडीच अंकांची उडी! त्यापुढे केवळ जादा आम्लारीचा हिशेब उरतो. तीस मिलिलिटरला पीएच ११.९६ होतो आणि आलेखाची रेघ पुन्हा आडवी पडते.

या दोन थेंबांच्या मधोमध, नेमक्या २५ मिलिलिटरला, विद्यार्थी नेहमी अडखळतो. आम्ल संपले, आम्लारी संपली, उरले लवण आणि पाणी. तेव्हा पीएच सात असला पाहिजे, असे त्याला वाटते. परंतु ॲसेटेट आयन हा त्या सौम्य आम्लाचाच उरलेला भाग आहे आणि हायड्रोजन घट्ट धरून ठेवण्याची त्याची प्रवृत्ती गेलेली नाही. तो पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन राहतात. गणित असे: आता पन्नास मिलिलिटरमध्ये ॲसेटेटची संहती ०.०५ मोलर आहे. पाण्याचा आयनिक गुणाकार आम्लाच्या स्थिरांकाने भागला, त्याला ०.०५ ने गुणले आणि वर्गमूळ घेतले की हायड्रॉक्साइडची संहती दहा लाखांश गुणिले ५.३ एवढी मिळते. पीएच ८.७२.

म्हणून येथे फेनॉल्फ्थॅलीन हा दर्शक वापरतात, कारण तो सुमारे ८.२ ते १० या दरम्यान रंगहीन अवस्थेतून गुलाबी होतो. त्याऐवजी एखाद्याने मेथिल ऑरेंज घेतले तर त्याचा रंगबदल ४.४ च्या सुमारास पुरा होईल आणि तो आठ मिलिलिटरच्या आतच तोटी बंद करील. शिरक्यातील आम्ल खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष निघेल. हात स्थिर, काच स्वच्छ, वाचन अचूक, आणि उत्तर साफ चुकीचे. यंत्र पुढे करून सातावर थांबणाऱ्याची चूक त्या मानाने किरकोळ, हजारात पाच-सहाची. पण आम्ल जितके अधिक सौम्य तितकी ती वाढत जाते.

यंत्राचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, की अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये आपले पीएच मोजणारे यंत्र घडविले ते लिंबाच्या रसातील आम्लता मोजण्याच्या गरजेतून. सायट्रिक आम्ल हेही सौम्यच. सौम्य आम्लांनी रसायनज्ञांना जेवढे कामाला लावले तेवढे तीव्र आम्लांनी लावले नसावे.

वर दिलेले सूत्र हेंडरसन आणि हॅसलबाल्ख यांच्या नावाने ओळखले जाते. ते शिरक्यासाठी जन्मलेले नाही. लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये ज्या समतोलाचा अभ्यास केला तो रक्तातील कार्बॉनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचा होता. कार्ल हॅसलबाल्ख यांनी पुढे त्या समीकरणाला लॉगरिथमचे रूप दिले. आणि हीच जोडी, कार्बॉनिक आम्ल व बायकार्बोनेट, प्रत्येक नदीच्या पाण्यात असते. शिरक्याच्या शंकुपात्रातून गंगेच्या पात्रात येण्यास एवढा दुवा पुरेसा आहे.

हिमालयातील चुनखडी आणि इतर खडक झिजवीत आलेल्या गंगेच्या पाण्यात बायकार्बोनेट विपुल असते, आणि हवेतून व सडणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांतून आलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. विरघळलेला हा वायू म्हणजे सौम्य आम्ल. त्याचा पीकेए ६.३५ आहे. त्यातील दुसरा हायड्रोजन सुटण्याचा पीकेए १०.३३. पहिला हायड्रोजन संपून दुसरा सुरू होण्याची सीमा या दोहोंच्या मध्यावर, ८.३ च्या सुमारास पडते, आणि फेनॉल्फ्थॅलीनची पहिली फिकट गुलाबी छटाही तेथेच उमटते. पाण्यातील मुक्त कार्बन डायऑक्साइड मोजण्याची रूढ पद्धत यावरच आधारलेली आहे: शंभर मिलिलिटर पाणी घ्यावे आणि फेनॉल्फ्थॅलीन घालून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करावे. आम्लारीची संहती एक चव्वेचाळिसांश नॉर्मल ठेवण्याची चतुर युक्ती कोणी तरी काढून ठेवली आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ असल्यामुळे एक मिलिलिटर आम्लारी म्हणजे बरोबर एक मिलिग्रॅम वायू होतो, आणि तपासणाऱ्याला नुसते दहाने गुणून लीटरमागचे प्रमाण मिळते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजावून सांगण्यासाठी मानलेले आहेत; कोणत्याही एका घाटावरचे ते मोजमाप नव्हे. पाण्यात लीटरमागे तीन मिलिमोल बायकार्बोनेट आहे आणि पीएच ८.० आहे. सूत्र उलटे फिरविले की मुक्त कार्बन डायऑक्साइड ०.०६७ मिलिमोल, म्हणजे लीटरमागे सुमारे तीन मिलिग्रॅम निघतो. या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळले. त्यातील सेंद्रिय द्रव्य जंतूंनी खाल्ले. त्या खटाटोपात त्यांनी पाण्यातील ऑक्सिजन वापरला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. लीटरमागे ०.२ मिलिमोल वायूची भर पडली असे धरू. नवा पीएच किती? ६.३५ मध्ये तीन भागिले ०.२६७ याचा लॉग, १.०५, मिळवावा: ७.४.

आठावरून साडेसाताच्या किंचित खाली, एवढेच. हीच भर ऊर्ध्वपातित पाण्यात पडली असती तर पीएच सातावरून पाचापर्यंत कोसळला असता आणि कोणाच्याही लक्षात आले असते. नदीचे बायकार्बोनेट तो आघात सोसून घेते.

परंतु ०.२ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होण्यास सुमारे तेवढाच, म्हणजे लीटरमागे ६.४ मिलिग्रॅम, ऑक्सिजन खर्ची पडतो. तीस अंश तापमानाच्या पाण्यात ऑक्सिजन मुळी मावतो तोच लीटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. उरला एकच मिलिग्रॅम. एवढ्यावर बहुतेक मासे जगू शकत नाहीत. वाहत्या नदीत हवेतून नवा ऑक्सिजन येत राहतो आणि वायूही काही प्रमाणात निसटतो, त्यामुळे प्रत्यक्षातील घसरण इतकी सरळ नसते. पण तिची दिशा हीच असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानायोग्य पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा लागतो. आपल्या उदाहरणातील पाणी या कसोटीला सुरुवातीसही उतरत होते आणि मासे गुदमरल्यानंतरही उतरतेच. त्याच निकषांत विद्राव्य ऑक्सिजन लीटरमागे किमान पाच मिलिग्रॅम असावा असे आणखी एक कलम आहे. तेथे मात्र ते नापास होते.

ब्यूरेट काय सांगते? पहिल्या पाण्याच्या शंभर मिलिलिटरला आम्लारी सुमारे पाव मिलिलिटर लागली असती. दुसऱ्याला सुमारे १.२ मिलिलिटर लागते. पीएचच्या आकड्यात जो फरक सहा दशांशांत आवळला गेला होता तो ब्यूरेटवर जवळजवळ पाचपट होऊन उघडा पडतो.

अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत गंगा येथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि याच पट्ट्यात शहराचे नाले तिला मिळत आले आहेत. गंगा कृती योजना १९८६ मध्ये सुरू झाली. त्याच्या चार वर्षे आधी, १९८२ मध्ये, संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले वीरभद्र मिश्र यांनी संकटमोचन प्रतिष्ठान स्थापन केले होते. सकाळी गंगेत बुडी मारणारा भाविक आणि दुपारी प्रवाहाचे गणित शिकविणारा अभियंता ही दोन्ही कामे एकच माणूस करीत होता, ही गोष्ट काशीबाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. काशीत ती कोणाला तशी वाटली नाही. तुळशी घाटावरील या प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेने भर दिला तो ऑक्सिजनच्या मागणीवर आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंच्या मोजणीवर. ते योग्यच होते. मंडळाच्या निकषांत या जंतूंची कमाल मर्यादा शंभर मिलिलिटरमागे २,५०० आहे, इष्ट प्रमाण ५०० आहे, आणि त्यांचा पीएचशी काही संबंध नाही. पाणी ७.८ असो वा ८.१ असो, जंतू त्यात सुखाने असतात. मिश्र २०१३ मध्ये निवर्तले.

याचा अर्थ पीएच मोजू नये असा नव्हे. तो मोजावा आणि शेजारी बायकार्बोनेट किती, मुक्त कार्बन डायऑक्साइड किती, हेही लिहावे. मग तिन्ही आकडे एकमेकांची साक्ष काढतात. दोन मोजून तिसरा सूत्राने काढावा आणि तोही मोजलेल्याशी ताडून पाहावा. जुळला नाही तर कोठे तरी काही चुकले आहे, आणि ते बहुधा नमुना घेण्यातच चुकलेले असते.

कारण हा वायू मोठा चंचल. बादलीत पाणी घेऊन ते विद्यापीठाच्या सिंहद्वारापर्यंत हिंदकळत नेले तर वाटेत तो निसटतो, पीएच चढतो आणि नदीपेक्षा बादलीच निर्मळ ठरते. काशीहून महाराष्ट्रात येणारा गंगेचा गडू जसा काठोकाठ भरून झाळून बंद करीत, तशी नमुन्याची बाटली हवेचा बुडबुडाही न राहील अशी भरून बुचाने घट्ट लावावी लागते, आणि शक्य तर अनुमापन घाटाच्या पायरीवरच उरकावे लागते. आम्लारीही ताजी हवी. उघडी राहिलेली आम्लारी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दुबळी होते आणि मग नमुन्यात नसलेला वायू हिशेबात येतो. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली पाहिजे. ती पहिल्याच थेंबाआधी, दर्शक घालताच आली, तर मुक्त कार्बन डायऑक्साइड नाही असे लिहून मोकळे व्हावे. उन्हाळ्यातील दुपारी हे पुष्कळदा घडते, कारण पाण्यातील शैवाल दिवसभर तो वायू खाऊन टाकते. रात्री तेच शैवाल श्वासाबरोबर तो परत सोडते आणि पहाटे, नेमक्या स्नानाच्या वेळी, त्याचे प्रमाण सर्वांत अधिक व ऑक्सिजनचे सर्वांत कमी असते. म्हणून नोंदवहीत पीएचच्या रकान्याशेजारी घड्याळातील वेळ आणि पाण्याचे तापमान यांचे रकाने असतात, आणि दुपारी तीनच्या आकड्याची तुलना पहाटे पाचच्या आकड्याशी करता येत नाही.